टाकी बोलली नाही त्या दुपारची हकिगत

अणदूर

प्रिय तम्मा महांतप्पा यास लक्ष्मम्माअक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडं खंडोबाच्या कृपेनं माझे गुडघे सोडून सगळं ठीक चाललं आहे. तुझी साखर किती आहे आणि तू अजून चोरून चहात साखर घालतोस का, हे शिवानीनं वेगळ्या कागदावर कळवावं (या बाबतीत माझा नवऱ्यापेक्षा बायकोवर विश्वास जास्त). बसवकल्याणला ऊन कसं आहे? इथं तर दारातल्या फरशीवर पापड भाजतील.

याच उन्हात आमच्या महिला दूध संस्थेत जे झालं ते तुला नीट सांगायचं आहे. मी तिथं अध्यक्ष आहे हे तुला माहीत आहेच (दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, पण ते असो). भोवतालच्या वस्त्यांवर दूध थंड ठेवायच्या टाक्या आहेत. वीज गेली आणि वेळेत कळलं नाही तर टाकीभर दुधाचं दही होतं. पूर्वी संस्थेतला मल्लेश गाडीवर फिरून सगळ्या टाक्या बघायचा. मग आमच्या शिवांजलीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, (ती घरी बसूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते) एक प्रोग्राम लिहिला. टाकीला सिमकार्डाचं, बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र बसवलं. टाकी आपण होऊन संस्थेतल्या संगणकाला फोन करते, दूध किती गार आहे ते सांगते, आणि गरम व्हायला लागलं की संगणक ओरडतो. ओरडायला तिनं माझाच आवाज भरून घेतला, “अगं दूध बघा, दूध!” सगळा गाव हसला, पण दूध टिकायला लागलं.

मग मळ्यातल्या वस्तीवर नवी टाकी आली. तिचा निरोप काही येईना. त्या वस्तीवर रेंज धड नसतेच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण तेव्हापासून आमचा संगणक सकाळी शहाण्यासारखा वागायचा आणि दुपारी गप्प व्हायचा. बंद करून चालू केला की पुन्हा शहाणा. एका दुपारी तो असाच गप्प असताना कमलबाईंच्या वस्तीवरची वीज गेली. टाकी फोन करकरून थकली असेल, इकडं ऐकायला कुणी नाही. सगळं दूध नासलं.

कमलबाई बैठकीत उभ्या राहिल्या. “हे यंत्र काढून टाका. मल्लेश गाडीवर फिरत हुता तेच बरं हुतं. का सुनंचं हाय म्हणून ठिवायचं?” मला तोंड वर करता येईना. पुढच्या बैठकीपर्यंत दुरुस्त झालं नाही तर काढायचं, असं ठरलं.

शिवांजली दोन घास खाऊन उठायची. कंपनीचं काम संपवून पुन्हा त्याच प्रोग्रामपुढं बसायची. शेवटी एका सकाळी ती भाकरी थापत असताना मीच म्हणाले, “मला सांग तरी, ते आत करतंय काय?”

“अत्ती, टाकीचा फोन आला की मला आधी संगणकाकडं जागा मागावी लागते.” (ती सासूला कानडीत अत्ती म्हणते, मला आवडतं.)

“न मागता मिळत न्हाय?”

“न मागता वापरली की प्रोग्राम तिथंच मरतो. एक जागा टाकीच्या पत्त्याला, एक निरोपाला. काम झालं की दोन्ही परत द्यायच्या.”

मला गंमत वाटायला लागली. संगणकातही जागा मागावी लागते, हे मला नवीनच होतं. मी विचारलं, पत्त्याला केवढी जागा मागतेस? तिनं आकडा सांगितला. मी विचारलं, तेवढीच का?

“सगळ्या टाक्यांचे पत्ते तेवढेच आहेत, म्हणून मीच…” एवढं बोलून ती थांबली. भाकरी तव्यावर, पीठ हाताला, आणि ही पळाली माडीवर. भाकरी मी उलटली, जळालेली.

नंतर गुडघे सांभाळत मी वर गेले तेव्हा ती हसत होती. झालं होतं असं, की नव्या टाकीचं सिमकार्ड नव्या तऱ्हेचं, त्याचा पत्ता लांबलचक. मागितलेल्या जागेत तो मावायचाच नाही. मावला नाही की प्रोग्राम चूक झाली म्हणून मागं फिरायचा, पण घेतलेली जागा परत द्यायची विसरायचा. टाकी बिचारी पुन्हा फोन करायची, हा पुन्हा नवी जागा घ्यायचा, पुन्हा विसरायचा. दुपारपर्यंत सगळी जागा अशी रिकामीच अडकून पडायची. आता तिनं असं केलंय की पत्ता जास्तीत जास्त केवढा असू शकतो हे त्या जाळ्यालाच (म्हणजे नेटवर्कला) आधी विचारायचं, तेवढीच जागा घ्यायची, आणि चूक झाली तरी परत देऊनच मागं फिरायचं.

बैठकीत तिनं हे सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं बायका जांभया देतील. छे! श्रीदेवीनं विचारलं, जागा परत दिल्यावर आधीचं लिहिलेलं पुसतंय का? शिवांजली म्हणाली, आपोआप पुसेलच असं नाही. झालं! कमलबाई ताडकन म्हणाल्या, “म्हंजे माझ्या टाकीचं दुसरीला दिसंल?” मग नवी जागा घेताना आधी स्वच्छ पुसून घेतो, हे समजावण्यात चहा गार झाला. तो पुन्हा उकळला.

मग मल्लेशला मळ्यात पाठवून नव्या टाकीची वीज मुद्दाम बंद केली. आम्ही सगळ्या संगणकाभोवती श्वास धरून उभ्या. शिवांजली माझा पदर धरून. बराच वेळ काही नाही, आणि एकदम माझाच आवाज खोलीभर, “अगं दूध बघा, दूध!” कमलबाई दचकून म्हणाल्या, “बघतो की, वराडतीस कशाला!” आणि मग स्वतःच इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. यंत्र राहिलं. त्यांची अट एकच, त्यांच्या टाकीला त्यांचा आवाज पाहिजे. तो भरून घेतलाय. मल्लेश म्हणतो, कमलबाईंच्या आवाजाला संगणकाची गरज नाही, तसाही ऐकू येतो.

पोरांना गालगुच्चे, शिवानीला आशीर्वाद. तुझी थोरली बहीण लक्ष्मम्मा.

ता. क. मेमरी म्हणजे काय ते मला आता इतकं पक्कं कळलंय, की कुणीही येऊन विचारावं.

ता. क. दुसरा. खरं काम लिहायचं राहिलं. संगणक पहिल्यांदा बंद पडला तेव्हा शिवांजली “जागा संपली” म्हणाली. मला दया आली. माझ्या फोनवर “जागा मोकळी करा” असं दिसलं, ते मी दाबलं, आणि पुढं जे जे विचारलं त्याला होय म्हणत गेले. ती जागा आमच्या संगणकाला जात नाही हे नंतर समजलं. फोटो गेले, नंबर गेले, तुझाही गेला, म्हणून हे पत्र. घरात फोन बिघडलाय असं सांगून ठेवलंय. तुझा नंबर टपालानंच कळव, पाकिटावर फक्त माझं नाव घाल, आणि शिवांजलीला बोललास तर बघ. मग धाकटीच्या बारशाचे फोटो पाठव, सगळे पाठव. जागेची काळजी करू नकोस, जागा भरपूर आहे.