पाटीवर लिहिलंय एकेचाळीस

८ जानेवारी, सोमवार
स्की क्लबची मीटिंग. लिफ्टच्या मोटरचं विजेचं पॅनेल यंदा बाद झालं. अध्यक्ष लेन्झने कुठल्यातरी मोठ्या कंपनीचं पत्र वाचायला घेतलं, मी त्याला दुसऱ्या ओळीवरच थांबवलं. उभा राहिलो आणि सांगितलं, आपल्या हिन्टरमूस गावची लिफ्ट १९८७ साली मी जोडली, आताही मीच जोडणार, आणि फुकट. टाळ्या. लेन्झने वाजवल्या नाहीत, पण त्याच्या हातात कागद होते.

काम दोन दिवसांचं आहे. मीटिंगमध्ये तीन सांगितले, म्हणजे लवकर झालं की लोक थक्क होतील.

निघताना लेन्झने दाराशी गाठलं. म्हणाला, "वेंडल, अठ्ठावीसला पोरांची शर्यत आहे. त्या दिवशी लिफ्ट चालली नाही, तर पुढच्या वर्षीपासून शर्यत खालच्या गावाला जाणार. ते टपूनच बसलेत." मी म्हणालो, माझं नाव पणाला लावतो. तो म्हणाला, "नाव ठेव तुझ्याकडे. मला सहीचा कागद पाहिजे."

सही माझी चालत नाही. निवृत्त झालो तेव्हाच इलेक्ट्रिशियन म्हणून माझी नोंदणी संपली. सही करणार रोसविथा. ही माझ्याच हाताखाली साडेतीन वर्षं शिकली, आणि २००८ साली माझं दुकानही मी तिच्याच हवाली केलं. म्हणजे शिष्या गुरूचं काम तपासणार. असो, तिलाही काहीतरी शिकायला मिळेल.

१० जानेवारी, बुधवार
निश्चय: या वेळी सगळं नियमाला धरून. मोटरच्या नियमांचं ताजं पुस्तक मागवलं. रोज वीस पानं. यापूर्वीचं मी १९८९ साली वाचलं होतं, पण वीज तीच आहे.

११ जानेवारी, गुरुवार
सात पानं. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो.

१२ जानेवारी, शुक्रवार
चष्म्याचा नंबर बदललेला नाही. पुस्तकातच दोष आहे. 'मात्र', 'तथापि' आणि 'तक्ता क्रमांक' यांच्याशिवाय एक वाक्य नाही. उरलेलं अनुभवावर करणार. अनुभवाला तक्ते लागत नाहीत.

१३ जानेवारी, शनिवार
मोटरवरची पाटी फडक्याने पुसून वाचली. बावीस किलोवॅट, एकेचाळीस अँपिअर. संपलं. मोटरची सगळी कुंडली या एका आकड्यात असते, बाकीची पुस्तकं छापखाने चालावेत म्हणून.

जेवताना बायकोला, बुर्गलला, सगळं समजावून सांगितलं. तार करंट वाहून नेते. काही फुटलं-तुटलं की ब्रेकर झटक्यात बंद पाडतो. आणि ओव्हरलोड रिले हा मोटरचा रखवालदार. मोटर बराच वेळ जास्त करंट ओढत राहिली, तर ती जळायच्या आत तो तिला बंद करतो. त्यावर एक छोटी चकती असते, तिच्यावर किती करंटला बंद करायचं तो आकडा लावायचा. पाटीवर एकेचाळीस, म्हणून चकतीवर एकेचाळीस. चाळीस वर्षांत माझ्या हातची एकही मोटर जळली नाही ती उगाच नाही. बुर्गल म्हणाली, "ताटातले श्पेट्झले गार होताहेत."

१६ जानेवारी, मंगळवार
पॅनेल उभं राहिलं. ब्रेकर गॅरेजमध्ये पडून होता तो घेतला, चाळीस अँपिअरचा. तारही गॅरेजमधलीच, दहा चौरस मिलिमीटरची. एकेचाळीस आणि चाळीस यात फरक तो कितीसा! शिवाय नवं सामान आणणं म्हणजे जुन्याचा अपमान.

पहिली चाचणी. मोटर स्टारवर, म्हणजे सुरुवातीच्या हलक्या जोडणीवर, झकास सुरू झाली. डेल्टावर, म्हणजे पूर्ण ताकदीच्या जोडणीवर, गेली आणि ब्रेकर पडला. चार वेळा. आपल्या खोऱ्यात वीजपुरवठा भिकार आहे, हे मी वर्षानुवर्षं सांगतोय.

१७ जानेवारी, बुधवार
वीज कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, मोटर कितीची आणि ब्रेकर कितीचा? मी आकडे सांगितले. त्यांनी दोन्ही आकडे परत म्हणून दाखवले. मग म्हणाल्या, "आजोबा, तुमच्याकडे कुणी इलेक्ट्रिशियन आहे का?"

फोन ठेवला. असल्या लोकांच्या हातात देशाची वीज आहे.

१८ जानेवारी, गुरुवार
त्रेसष्टचा ब्रेकर बसवला. पुरवठा भिकार असला की ब्रेकर दणकट लागतो. मोटर डेल्टावर गेली, सगळं कसं सुतासारखं सरळ. लेन्झला फोनवर म्हटलं, झालंच म्हणून समज.

बुर्गलने कॉफी ओतता ओतता विचारलं, "तार बारीक आणि ब्रेकर दांडगा असला, तर आधी कोण जळणार रे?" मी म्हटलं, हा प्रश्न इतका सोपा नाही. ती म्हणाली, "मग अवघड करून सांग."

१९ जानेवारी, शुक्रवार
दहाची तार काढून सोळाची घातली. दिसायला. जाड तार पॅनेलमध्ये शोभून दिसते.

२२ जानेवारी, सोमवार
रोसविथाचा फोन. म्हणाली, "मास्टर, गुरुवारी येते. आकडेमोडीचा कागद तेवढा तयार ठेवा हं." मी म्हटलं, आकडेमोड माझ्या डोक्यात आहे. ती म्हणाली, "डोकं मला फाइलला लावता येत नाही." लहानपणी इतकी वाचाळ नव्हती.

निश्चय: कागद उद्या सकाळी, शांतपणे, सुंदर अक्षरात.

२३ जानेवारी, मंगळवार
बर्फ काढला. अंगणातला, मग शेजाऱ्यांचा. मग चर्चसमोरचा, तो काही आपला नाही, पण कुणीतरी काढायला हवाच.

२४ जानेवारी, बुधवार
कागद लिहिला. मोटर ४१, तार १६, ब्रेकर ६३, रिले ४१. चार ओळी. खाली जागा उरली म्हणून लिहिलं: 'वरील सर्व अनुभवसिद्ध.' बुर्गलला दाखवला. म्हणाली, किराण्याची यादी यापेक्षा लांब असते.

२५ जानेवारी, गुरुवार
रोसविथा आली. केसांत पांढरं दिसायला लागलंय तिच्या, पण स्क्रूड्रायव्हर अजून मी शिकवला तसाच धरते. पॅनेल उघडलं, कागद वाचला. रिलेपाशी बराच वेळ वाकून उभी राहिली. मी विचारलं, काही शंका? म्हणाली, "नाही मास्टर. वरच्या टोकाचं आपत्कालीन बटण तेवढं बघून याल? तुमचीच नजर हवी त्याला."

खरं आहे. चढण चालत गेलो, बटण दाबून पाहिलं, ठणठणीत. परत यायला पाऊण तास लागला. खाली येतो तर पॅनेल बंद, कागदावर सही झालेली, आणि ही गाडीच्या मागच्या दारात बसून सँडविच खातेय! म्हणाली, "वायरिंग काय देखणं केलंय हो. हल्ली असं कुणी करत नाही."

हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे. संध्याकाळी बुर्गलला दोनदा सांगितलं, लेन्झला एकदा.

२८ जानेवारी, रविवार, संध्याकाळी
घडलं तसं लिहितो.

ऊन, शून्याखाली पाच अंश, एकशे सहा पोरं आणि त्यांचे आईबाप. मी पॅनेलशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो, नवी टोपी घालून. लिफ्ट छान चालली. प्रत्येक दांडीला दोन-दोन पोरं टेकलेली, बर्फावरून ओढली जात वर चाललेली. साडेदहाला लिफ्ट थांबली. पोरं मध्येच चढणीवर अडकली.

मी रिले पुन्हा चालू केला. तीन मिनिटांत परत बंद. माईकवरून लेन्झ ओरडला, "वेंडल, काय चाललंय?" लोक बघायला लागले. खालच्या गावचे तर फारच आनंदाने बघत होते. चकती जराशी वर सरकवावी म्हणून मी पॅनेल उघडलं, तर चकती वर जाईचना. वाकून पाहिलं. तो माझा रिले नव्हताच! कुणीतरी बदलला होता. चकतीवर चोवीस, आणि तोच तिचा शेवटचा आकडा. एकेचाळीसच्या मोटरला चोवीसचा रखवालदार!

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाऊण तास मला डोंगरावर पाठवायचं कारण तेव्हा कळलं. सगळ्यांच्या देखत म्हणालो, "ज्या बाईला मी हातात पकड धरायला शिकवली, तिने माझ्या पाठीमागे माझ्या पॅनेलमध्ये हात घातलाय. ही लिफ्ट तिच्यामुळे बंद पडली आहे." माईक लेन्झच्या हातात चालूच होता. डोंगरभर ऐकू गेलं.

रोसविथा खाली तिच्या मुलीचे बूट आवळत होती. उठली, आली. मला वाटलं, आता भांडेल. लेन्झच्या हातातला माईक तिने आधी बंद केला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मास्टर, रिले डेल्टाच्या आत बसलाय."

एवढंच.

मोटर एकेचाळीस घेते ते बाहेरून. डेल्टात शिरल्यावर तो करंट वाटला जातो, आणि माझ्या जोडणीत रिलेतून जातात फक्त चोवीस. त्याला एकेचाळीसवर लावलं, तर मोटर जळून खाक होईपर्यंत रखवालदार घोरत पडणार. मला हे माहीत आहे. मला हे नेहमीच माहीत होतं. तिथे उभा असताना मात्र माहीत नव्हतं. लाज वाटली, इतकी की टोपी काढून हातात घेतली आणि मग तिचं काय करावं ते सुचेना.

ती म्हणाली, "रिले खोटं बोलत नाहीये. मोटरला खरंच काहीतरी जड जातंय." वर माणसं पाठवली, लेन्झही गेला. टोकाच्या मोठ्या चाकात बर्फ घट्ट रुतून बसला होता. लेन्झने हातोडीने फोडून काढला. अकरा वाजता लिफ्ट सुरू झाली ती शेवटच्या पोरापर्यंत थांबली नाही. माझा रिले असता, तर चाक तसंच घासत राहिलं असतं, मोटर साडेअकरापर्यंत धूर ओकत बसली असती, आणि शर्यत खालच्या गावाला गेली असती.

लेन्झला सांगितलं, मी रोसविथाची परीक्षा घेत होतो, ती पास झाली. तो म्हणाला, "आणि तू?"

२९ जानेवारी, सोमवार
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज सकाळी एक गोष्ट लक्षात आली आणि कॉफीचा कप हातातच राहिला. लिफ्टचं पॅनेल मी जसं जोडलं, तशीच खोऱ्यातली बाकीचीही जोडली आहेत. स्टार-डेल्टा, रिले आत, चकती पाटीवरच्या आकड्यावर. वहीत मोजली. अठरा.

निश्चय, आणि हा खरा: अठराच्या अठरा दुरुस्त करणार. गाजावाजा न करता, एकट्याने. दिवसाला चार. रोसविथाला कळायच्या आत. तिला हे कळलं, तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. गाडीत योग्य मापाचे सहा रिले ठेवले. बुर्गलला सांगितलं, जुन्या मित्रांना भेटायला चाललोय. ती म्हणाली, "स्क्रूड्रायव्हर घेऊन?"

३० जानेवारी, मंगळवार
पहिली दुग्धशाळा. थंड ठेवायच्या यंत्राचं पॅनेल, १९९४, माझं सर्वांत सुबक काम. उघडलं. तारा माझ्या, वळणं माझी, रिले नवा. आकडा बरोबर. बाजूला छोटी चिकटपट्टी: रो. ए., मे २०११.

मनात म्हटलं, योगायोग.

मग विधवा क्रेसेन्झच्या गोठ्यावर, गवत वाळवायच्या पंख्याचं. रिले नवा. रो. ए., ऑगस्ट २०१०. क्रेसेन्झ कोंबड्यांना दाणे टाकत म्हणाली, "अरे, ती रोसविथा बदलून गेली ना, केव्हाच. असंच येता-जाता थांबली होती. म्हणाली, मास्टरना सांगू नका, उगाच जिवाला लावून घेतील. अरे देवा, आता मीच सांगून बसले!"

मग लाकडाची गिरणी. खोऱ्यातली सर्वांत मोठी मोटर. मालकाने विचारलं, "काय रे वेंडल, इकडे कुठे?" मी म्हटलं, सहजच. पॅनेल उघडलं. रो. ए., मार्च २००९. दुकान हातात आल्याला वर्षही झालं नव्हतं तिला.

बाकीच्या पंधरा ठिकाणी गेलो नाही. गाडीत बसून राहिलो. चाळीस वर्षांत माझ्या हातची एकही मोटर का जळली नाही, त्यातली निदान पंधरा वर्षं तरी आज कळली. रडू आलं. काच आतून धुकटली म्हणून पुसत होतो, असं गिरणीवाल्याला वाटलं असावं.

३१ जानेवारी, बुधवार
निश्चय: रोसविथाला फोन करायचा आणि आभार मानायचे. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. तीन वाक्यं. दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं, बुर्गल बाहेर गेल्यावर.

अकराला फोन लावला. ती म्हणाली, "बोला मास्टर." कागद समोर होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो की हल्लीच्या मुलांना कुणी नीट शिकवत नाही, तू शिकवतेस तेव्हा त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगत जा, स्टार-डेल्टा असला की चकतीला हात लावण्यापूर्वी रिले नेमका कुठे बसलाय ते पाहायचं.

ती म्हणाली, "हो मास्टर. थांबा हं, लिहून घेते."