टाच टेकल्याची मेजवानी

आदरणीय बातमा एजे,

अत-बाशीहून तुझ्या धाकट्या भावाचा, सागिनचा, मनापासून सलाम. ओशची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवते ना? मेंढ्या, जावई, नातवंडं सगळी सुखरूप ना? (याच क्रमाने विचारलं म्हणून रागावू नकोस.)

आमची नात जिरेक दहा वर्षांची झाली, पण तिचा उजवा पाय जन्मापासूनचा तसाच ताठ, टाच हवेत. तिचे आईबाप रशियात कामाला, तेव्हा पायाची काळजी माझ्याकडे. बिश्केकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शस्त्रक्रिया करून टाचेमागची शीर लांब करू. पण त्याआधी पोटरीत बोटुलिनमचं इंजेक्शन देऊ, म्हणजे प्लास्टरमध्ये पोटरी आवळणार नाही, दुखणंही कमी राहील. हे ऐकून तुझी भावजय कालिपा ताडकन उभी राहिली. बिघडलेल्या काकडीच्या बरणीतल्या याच विषाने तिची मावशी गेली होती. "वीस वर्षं बरण्या उकळून उकळून जे मी घराबाहेर ठेवलं, ते तुम्ही पोरीला सुईने टोचणार?" औषध किती कणभर असतं ते बाईंनी समजावलं, तिने मान डोलावली. (घरातल्या सगळ्या बरण्या मात्र दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे गेल्या. शेजारी अजून ठणठणीत आहेत.)

इंजेक्शन झालं आणि दहाव्या दिवशी जिरेकची टाच जेमतेम का होईना, जमिनीला टेकली. एजे, मी ढसाढसा रडलो. पुढचं तू दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा मीच सांगतो. पोर चालू लागली की पायांना काळापांढरा धागा बांधून तो कापायचा आपला रिवाज, तो जिरेकच्या बाबतीत राहूनच गेला होता. मी मेंढा कापला, गाव बोलावलं. रिवाजाप्रमाणे पोरं शर्यतीत धावली, पहिल्या आलेल्या मुलीने धागा कापला, आणि जिरेक माझा हात सोडून सहा पावलं चालली. मी तिथूनच बाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, शस्त्रक्रिया रद्द, पोर बरी झाली.

उत्तर सुदैवाने मला एकट्यालाच ऐकू आलं. "अक्साकाल, तुम्ही वडीलधारे आहात, पण स्नायू बरा नाही झाला, सैल पडलाय. तीन-चार महिन्यांत औषध उतरेल आणि टाच पुन्हा वर जाईल. शीर अजून आखूडच आहे. चौदा तारखेला तिला घेऊन या. आणि मेहरबानी करून मधल्या काळात स्वतः काही ठरवू नका!" मी फोन खिशात घातला आणि पाहुण्यांना म्हणालो, बाईंनी अभिनंदन कळवलंय.

आता जिरेकला वाटतंय की सगळं संपलं. जिला गावासमोर चालवलं, तिला सहा आठवडे प्लास्टरमध्ये पडून राहा असं कोणत्या तोंडाने सांगू? मला फार लाज वाटते, एजे. पण मी घरातला कर्ता आहे, सांगेनच. तू काळजी करू नकोस.

तुझा,
सागिन

ता. क. चार दिवस झाले, सांगितलेलं नाही. तू बारा तारखेच्या आत ये आणि तूच सांग. तुझं ती ऐकते.

ता. क. आणखी एक. माझी पत्रं पाकिटात जाण्याआधी शुद्धलेखनासाठी जिरेककडे जातात. सवयीने हेही गेलं. तिने तीन चुका सुधारल्या आणि म्हणाली, "आजोबा, मला माहीत आहे. सुई टोचण्याआधी बाईंनी मला सगळं सांगितलं होतं. तुम्ही इतके खुश होता, म्हणून मी चालले." तरीही तू ये, एजे. ती आत जाईल तेव्हा बाहेर माझ्याजवळ कोणीतरी बसायला हवं.