टेबलाचे पाय

३ जून

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. रविवारी तू फोनवर मला खडसावलंस, तेव्हा तुझे विद्यार्थी समोर बसून फोनमधला माझा मोठा आवाज ऐकत हसत होते हे मला ठाऊक नव्हतं. लेक इंग्रजी उच्चार शिकवून घर चालवते आणि बाप ‘व्हे-जी-टे-बल’ असे चार तुकडे करून सगळा जोर ‘टे’वर टाकतो, म्हणजे दिव्याखाली अंधारच की.

तू सांगितलंस तसा शिलाई बाजूला ठेवून हनुवटीखाली हात धरला. जबडा जितक्यांदा खाली, तितके तुकडे. तीनच निघाले, जोर पहिल्यावर. ब्लाउज न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं की दाढ दुखतेय का. मी सरळ हो म्हटलं. आता ‘व्हेज्-ट-बल’ अगदी मापात बसलाय. रविवारी ऐकच.

चिमणीला पापा. तुमची आठवण काढणारा,
बाबा

११ जून

ती. बाबांना शि. सा. न.

तुम्ही शब्द इतका नेमका म्हणालात की माझे विद्यार्थीसुद्धा गप्प झाले. पण चिमणीही गप्प झाली. दर रविवारी तिनं विचारायचं आजोबा काय जेवलात, तुम्ही तुमच्या पद्धतीनं ‘व्हेजी-टेबल’ म्हणायचं, आणि मग टेबलाचे पाय कुणी खाल्ले यावर दोघांनी भांडायचं. आठवडाभर ती त्याची वाट बघते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, हे दुसरेच आजोबा आहेत.

चार माणसांत माझी लाज राखायला मी तुम्हाला टोकलं, याचं फार वाईट वाटतं. पुढच्या वेळी पूर्वीसारखंच म्हणा ना. हसणारे हसू देत.

माया होती तशीच राहू द्या.
तुमची ताई

१९ जून

चि. ताईस आशीर्वाद.

मनाला लावून घेऊ नकोस. लेकीनं नाही सांगायचं तर कुणी?

तू म्हणालीस तसं परवा ‘टे’वर चांगला जोर दिला. चिमणीनं हळूच विचारलं की आजोबा, तुम्ही हे मुद्दाम म्हणताय ना. पोरीशी खोटं बोलवेना, म्हणून फोन ठेवला. ती टेबलाचं काय काढते हे मला कधीच कळत नव्हतं. ती हसायची, म्हणून मी भांडायचो. तिला एवढं सांग, की पूर्वी मी मुद्दाम म्हणत नव्हतो.

तुझे बाबा