नव्या कॉम्प्युटरचा पासवर्ड

शनिवार, ४ मे
आणला एकदाचा! जुना कॉम्प्युटर बंद पडल्यापासून बाबा बारा दिवस पाटीवर लिहून बोलताहेत. गळ्याच्या ऑपरेशनआधी त्यांनी स्वतःच्या आवाजात शब्द भरून ठेवले होते. ते जोडून बोलणारा प्रोग्राम त्यांच्या एका विद्यार्थ्याने केलाय — आणि तो चालतो फक्त इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या एका सिस्टीमवर, कॉम्प्युटरसोबत येते तिच्यावर नाही. ती उद्या टाकू म्हटलं. बाबा संध्याकाळीच खोकं उघडून बसले. तीस वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवलेला माणूस, जेवायचंसुद्धा भान नव्हतं.

रविवार, ५ मे
सिस्टीम चालतच नाही. ती भरलेला पेनड्राइव्ह लावला की लाल अक्षरं — परवानगी नाही. परवानगी द्यायच्या पानावर जावं तर पासवर्ड मागतो. कुठला पासवर्ड? बाबांनी पाटीवर लिहिलं, 'आता मला नाही कळत यातलं.' फार वाईट वाटलं.

मंगळवार, ७ मे
दुकानदार म्हणे, "चालू होतोय ना ताई? मग बिघाड कुठला?" मला हवी ती सिस्टीम चालत नाही म्हटलं. "तसं बिलावर लिहिलंय का?" नाही लिहिलेलं. कंपनीला फोन केला, तर म्हणे दुकानात विचारा. वस्तू माझी, मग परवानगी कोणाची मागायची? डोकं नुसतं भणभणतंय.

आईला म्हटलं, तक्रार करणार. "कशाला उगीच डोक्याला ताप? चाललंय की पाटीवर." हिचं नेहमीचंच. जुन्या कॉम्प्युटरवर बाबांचा आवाज सुरू झाला की हिला नेमके तेव्हाच कपडे धुवायचे असायचे. बाथरूमचा नळ धो धो, आणि बाबा काय म्हणाले ते आम्हाला ऐकू येत नसे.

शुक्रवार, १० मे
ग्राहक तक्रार कार्यालय. कारकूनबाई म्हणाल्या, "वस्तूतला दोष की सेवेतली त्रुटी? एकावरच खूण करा." मला दोन्ही वाटले, दोन्हीवर केली. त्यांनी नवा फॉर्म दिला. अजूनही नक्की कशावर खूण करायला हवी होती, कळत नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं — माझ्या वडिलांचा आवाज आत अडकलाय. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

मंगळवार, १४ मे
तक्रार पोचल्यावर कंपनीचा माणूस घरी आला. आपली वायर जोडून बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "पासवर्ड आमचा नाही. चार तारखेला संध्याकाळी सात चाळीसला घातलाय, आत नोंद आहे." तेव्हा तर कॉम्प्युटर आमच्याच टेबलावर होता. धडधडीत खोटं! काय वाट्टेल ते बोलले त्याला. तो बिचारा वायर गुंडाळत राहिला. बाबा खिडकीपाशी पाठमोरे बसून होते, वळलेसुद्धा नाहीत.

बुधवार, १५ मे
आई भाजी आणायला गेली तेव्हा बाबांनी पाटी पुढे केली. 'पासवर्ड मी घातला. माझा आवाज लागला की तुझी आई नळ सोडून रडते.'
तक्रार मागे घ्यायचा फॉर्म आणलाय. त्यातही कारणाचा रकाना आहे.