पहिलं नाव

३ फेब्रुवारी, सोमवार

परिपत्रक आलं! प्रत्येकाने आपापले लेख विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात स्वतः टाकायचे. म्हणजे जगात कुणीही, कुठूनही, फुकट वाचू शकेल. विभागात सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. "आता हेही आम्हीच करायचं का?" माझा एकच लेख टाकण्यासारखा आहे, आणि त्यावर पहिलं नाव माझं नाही.

लिहूनच टाकते, इथे कोण बघतंय! यंत्रमागांच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या कानांवरचा तो लेख. त्या खडखडाटात उभी राहिले मी. एकेकाला बाजूला घेऊन त्याचे कान तपासले मी. घरी आल्यावरही मी ओरडून बोलायचे, सासूबाईंना वाटायचं भांडतेच आहे. सगळा लेख मी लिहिला. सरांनी (तेव्हाचे माझे मार्गदर्शक, आताचे विभागप्रमुख) तक्ते तेवढे "नीट मांडून" दिले. नियतकालिकाने लेख स्वीकारला तेव्हा माझं नाव पहिलं होतं. छपाईआधीची प्रुफं सरांकडे गेली. छापून आलं तेव्हा माझं नाव दुसरं!

"अगं, ज्येष्ठतेचा संकेत असतो. तुझं काय जातंय?"

काय जातंय म्हणे. नंतर सगळीकडे लेख त्यांच्याच नावाने ओळखला जायला लागला आणि मी झाले "व इतर". यंत्र कामगाराच्या उजवीकडे असतं, तरी डावा कान जास्त जातो, कारण आवाज भिंतीवर आपटून परत येतो — हा त्यातला गाजलेला मुद्दा. त्यावर सर व्याख्यानं देत हिंडले. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. वाजवाव्या लागतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

संग्रहाचं काम बघणाऱ्या ग्रंथपाल बाईंकडे गेले. सगळे त्यांना मागून कुलूपबाई म्हणतात, कारण नियमाबाहेर त्या कुणाला पाणीसुद्धा विचारत नाहीत. म्हणाल्या, "छापलेली प्रत चालणार नाही. ती प्रकाशकाची. तुमची स्वतःची टाका. लेख स्वीकारला गेला तेव्हाची, शेवटची. आणि तिच्यात काना-मात्रेचाही बदल करायचा नाही."

"आणि नावांचा क्रम?"

"मॅडम, मी काय म्हटलं? जसा असेल तसा."

मी तिथेच नाचायची बाकी राहिले होते! एवढी वर्षं मनातल्या मनात कुढत बसले, आणि नियमच माझ्या बाजूने निघाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टाकला. सरांना विचारलं नाही. त्यांनी मला विचारलं होतं?

नवरा म्हणतो, "पगार तर तेवढाच मिळणार ना? मग कशाला उगाच मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालतेस?" याला कधी कुणी दुसरं केलं नाही, याला काय कळणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मंजूर! माझं नाव वर. पुन्हा पुन्हा उघडून बघितलं, वेड्यासारखं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बोलावणं आलंच. सर चष्मा पुसत होते. ते चष्मा पुसायला लागले की समजायचं, आता गोड बोलणार.

"अगं, काहीतरी घोटाळा झालाय बघ. छापलेली प्रत टाक की."

"चालत नाही सर. नियम आहे."

"मग नावं तेवढी बदलून घे."

"काना-मात्राही बदलता येत नाही सर."

त्यांनी माझ्यासमोर कुलूपबाईंना फोन लावला. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. फोन ठेवून म्हणाले, "इतकी हाव बरी नव्हे. मी तुला मुलीसारखी मानली."

मुलीसारखी! म्हणूनच माझं ते तुमचं, असं होय? बाहेर येऊन जिना धडाधड उतरले. रागाने. भीतीने नाही, एवढं मी स्वतःला बजावून सांगितलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सर बोलत नाहीत. परीक्षा समितीतून माझं नाव काढलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याच्या दोन शोधनिबंधांना मी हातभार लावला, तो आता मला बघून मोबाईल कानाला लावतो. बंदच असतो तो मोबाईल. बरं, खुशाल!

लेख मात्र वाचला जातोय. कुठल्या कुठल्या गावचे लोक उघडतायत. आधी फक्त सारांश दिसायचा, पूर्ण लेख वाचायचा तर पैसे मोजायचे. कोण मोजणार?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एका कानाच्या डॉक्टरांचं पत्र आलं, फार लांबून. मला लिहिलंय, पहिलं नाव माझं म्हणून! वरची ओळ वाचून इतकी हरखले की नवऱ्याला हाक मारली. मग पुढचं वाचलं, आणि त्याला म्हटलं, काही नाही, जा तू.

त्यांच्याकडे येणाऱ्या माग-कामगारांचा उजवा कान जातो. यंत्राच्या बाजूचाच. पण आमच्या लेखाचा सारांश वाचून तिथल्या मालकांनी भिंतींना जाड कापड लावलं आणि कानांवर घालायची झाकणं देणं बंद केलं. "आम्ही मुकाट ऐकलं, कारण लेख विकत घ्यायची ऐपत नव्हती. आता पूर्ण वाचला. आपणच लिहिलं आहे की एका कामगाराचा डावा कान लहानपणीच फुटलेला होता. मग तक्त्यात त्याचा उजवा कान निकामी आणि डावा धड कसा?"

जेवण गेलं नाही.

४ मार्च, मंगळवार

कान तपासायच्या यंत्रावरचे मूळ आकडे पुन्हा काढले. तक्त्याशी ताडून पाहिले. पुन्हा पाहिले. डाव्या कानाचा रकाना उजव्याच्या जागी, उजव्याचा डाव्याच्या. सरांनी नीट मांडून दिले होते! अदलाबदलीचा हातच आहे त्यांचा. आणि मी ते आकडे घेऊन भिंतीची गोष्ट रचली, पानंच्या पानं. परत येणारा आवाज वगैरे काही नव्हतंच. ज्यांचे कान मी हाताने तपासले, त्यांच्यासारख्याच माणसांच्या कानांवरची झाकणं माझ्या लेखाने काढली.

सरळ सरांकडे गेले. तक्ता समोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला नाही. दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं.

"हं. लेख मागे घ्यावा लागेल."

"तक्ते तुम्ही केले होते सर."

"बघू या. मी लिहितो सगळ्यांना." आवाज एकदम मवाळ. जाताना म्हणाले, "तू काळजी करू नकोस." जीवात जीव आला. वाटलं, शेवटी माणूसच आहे.

५ मार्च, बुधवार

सरांचं पत्र गेलं. नियतकालिकाला, विद्यापीठाला, त्या डॉक्टरांना, प्रत मला. लेखात चूक आहे, तो मागे घ्यावा, आणि माझ्याबद्दल एवढंच: "लेखाच्या प्रमुख लेखिका त्याच आहेत. खुल्या संग्रहातली मूळ प्रत पाहावी. छापताना माझं नाव चुकून वर गेलं होतं."