नखांवरचा लाल रंग

ठाणाकुशनूर, ९ फेब्रुवारी २०२५

डॉक्टरांना मी काही कळवावे हा आगाऊपणाच. त्याची क्षमा मागूनच मोबाइलवरच्या निरोपाला सुरुवात केली.

काल गुलबर्ग्याला कातडीच्या डॉक्टरांकडे निघताना आत्याने आईची नखे लाल रंगवली. "वैनी, तसली नखं दाखवून डाक्टरला किळस आणायलीस व्हय?" सोरायसिसमुळे आईच्या नखांवर शिंप्याच्या बोटावरच्या धातूच्या टोपीवर, अंगुस्तानावर, असतात तशा खळ्या पडल्या आहेत. त्या झाकण्यात आत्याला केवढी धन्यता! डॉक्टरांनी कोपरांवरचे चट्टे पाहून मलम लिहिले. सुजलेल्या बोटांविषयी आई संकोचाने बोलली नाही. आणि मी? तालुक्यात मराठी माध्यमातून पहिली आलेली मी शेजारी मुकाट उभी. आत्याच्या अडाणीपणापेक्षा माझ्या या हुशारीचीच अधिक शिसारी येते.

कारण मी वाचले होते: हा आजार कातडीपुरता राहतोच असे नाही, कधी सांध्यांत उतरतो, नखांवरच्या खळ्या ही त्याची एक खूण असते, दुर्लक्ष झाले तर बोटे कायमची वाकू शकतात. आज सकाळी बोटे आखडल्याने तासभर आईला सुईत दोरा ओवता आला नाही. ब्लाउज शिवून घर चालवणारी ती. बोटेच वाकली तर मग?

नखांचा फोटो डॉक्टरांना पाठवू या, असे आईला सांगून दुपारी मी तो लाल रंग पुसू लागले.

"कामून पुसायलीस? लई शहाणी झालीस!" आत्या.

मी पुसतच राहिले. आईनेच हात पुढे केला. "काढ फोटू. खळ्या नीट दिसू दे."

खळ्यांचा फोटो, बोटांची सूज, सकाळचा तो तास. सारे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या नंबरावर पाठवले. ९ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी पाच वाजून बेचाळीस मिनिटे.