पहिलं ताट माझ्या मुलीला वाढू नये

मी, वय सत्तावीस, कोपऱ्यावरच्या पाच टेबलांच्या हॉटेलात स्वयंपाक करणारी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. अक्षर हलतं ते बोटांना मुंग्या येतात म्हणून. कोणी दम देऊन हे लिहून घेतलेलं नाही. शाळा पाचवीपर्यंत झाली, अक्षर सांभाळून घ्या.

एक. हॉटेल सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याच्या नावावर केलं, नवऱ्यानं आपल्यामागे माझ्या. धाकट्या दिरांना वरच्या दोन खोल्या मिळाल्या. तेव्हापासून त्यांच्या तोंडाला चव नाही. माझ्यामागे हॉटेल माझ्या मुलीचं. ती सहा वर्षांची आहे, गिऱ्हाइकं तिला चिंगी म्हणतात. ती सज्ञान होईपर्यंत तिला आणि हॉटेलाला माझी थोरली बहीण सांभाळेल. दिरांनी सांभाळायचं नाही. त्यांनी प्रेमानं मागितली तरी नाही.

दोन. पहिल्या ताटाबद्दल. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत अशी, की रोज अकराला, शटर पूर्ण वर करून, मालकानं पुढच्या टेबलावर बसायचं आणि सगळ्या पातेल्यांतलं थोडं थोडं रस्त्यावरच्या लोकांदेखत खायचं. मग गिऱ्हाईक आत. "मालक जेवला, आता आपण जेवू," असं म्हणत लोक यायचे. त्या ताटाची मिठाची लाकडी डबी वेगळी, भिंतीतल्या फळीवर. तिला दुसरं कोणी हात लावत नाही.

माझा नवरा त्या ताटावरून उठला आणि मोरीपर्यंत पोचला नाही. आठ महिने झाले. डॉक्टर म्हणाले, हृदय. बत्तीस वर्षांचा माणूस, भरलेलं पातेलं एकटा उतरवायचा.

मग ताटावर मी बसायला लागले. दोन महिन्यांत केस मुठीनं गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, "बाई, मनाला लावून घेतलंय तुम्ही. नीट झोपा." मागच्या महिन्यात दीर आठ दिवस परगावी होते. त्या आठ दिवसांत मुंग्या गेल्या. ते आले, मुंग्या आल्या.

हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. आम्ही सगळे त्या ताटाकडे बघून बिनधास्त व्हायचो. पण अख्ख्या हॉटेलात तेच एक ताट असं, की ते कोण खाणार हे आदल्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक असतं.

चौकीत गेले होते. हवालदार म्हणाले, "रांधता कोण?"

"मी."

"वाढता कोण?"

"मीच."

"मग बाई, नाव कोणाचं लिहू?"

मी उठून आले.

तीन. मिठाची ती डबी आहे तशी फडक्यात बांधून समोरच्या शिंपीकाकांकडे दिली आहे. मी गेले तर माझं शरीर तपासल्याशिवाय स्मशानात पोचवू नये, आणि डबी तपासणाऱ्यांच्या हातात द्यावी. दिरांनी घाई केली तर शिंपीकाकांनी दारात आडवं पडावं. ते हो म्हणालेत.

माझी मोठी सुरी आणि दोन्ही पातेली बहिणीला. नवऱ्याचा स्वेटर चिंगीला, मोठा होईल, होऊ दे. दोन नंबरच्या टेबलावर रोज खिडकीकडे तोंड करून बसणाऱ्या मास्तरांना त्यांची खुर्ची देते, त्यांनी घरी न्यावी. नऊ वर्षं "मीठ कमी आहे, सूनबाई" म्हणत त्यांनी ताट चाटूनपुसून खाल्लं. मी त्यांच्यावर मनात चिडायचे, ते आज माफ. जाऊबाईंना काही नाही. त्यांना सगळं माहीत आहे, आणि जिन्यात भेटल्या की त्या माझ्याकडे बघत नाहीत.

चार. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल दुपारी गर्दी ओसरल्यावर दीर खाली आले. चिंगी मास्तरांच्या टेबलावर चित्र काढत होती. तिला मांडीवर घेतलं, वेणी सारखी केली.

"वहिनी, किती वाळलात हो! ते ताट आता तुम्हाला झेपत नाही."

"झेपतंय, भावजी."

"आमची चिंगी आहे की. मालकीणच आहे ती. काय गं, उद्यापासून पुढच्या टेबलावर बसणार ना?"

ती म्हणाली, "काका, मला पापड पण?"

"दोन देऊ," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघून हसले. मास्तर पण हसले. त्यांना काय माहीत.

म्हणून लिहिते. चिंगी सज्ञान व्हायच्या आधी तिला काहीही झालं, ताप येवो, जिन्यावरून पडो, झोपेत जावो, डॉक्टर काहीही म्हणोत, तर हे हॉटेल दिरांना, त्यांच्या बायकोला, त्यांच्या मुलांना मिळणार नाही. ते आपल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना मिळेल, त्यांनी हॉटेलात रोग्यांसाठी जेवण चालवावं. चिंगी जगली तरच हे घरात राहील. मेली तर कोणाच्याच हाती काही लागणार नाही.

मृत्युपत्र कपाटात ठेवतात, मेल्यावर काढतात. माझं तसं चालणार नाही. एक प्रत वकिलांकडे आहे. कलम चार मी मोठ्या अक्षरात काढून, आज काय शिजलंय ते लिहितो त्या फळ्यावर चिकटवलं आहे. जिना उतरलं की समोरच दिसतं.

चिंगी सकाळी सहाच्या गाडीनं मावशीकडे गेली. ताटावर मी बसते आहे.

भावजी, वाचून घ्या. मग बसा माझ्यासमोर.

साक्षीदार:
समोरचे शिंपीकाका (सही)
दोन नंबरचे मास्तर (सही. "मला आधी सांगायचं होतंस, सूनबाई." हे त्यांनीच लिहिलं, खोडत नाही.)

लिहून देणारी: चिंगीची आई (सही)
ठिकाण: हॉटेलातलं पुढचं टेबल
तारीख सतरा, शनिवार, अकराला दहा कमी